आराकानवरून न परतलेलं हरिकेन : शोध कुठून सुरू करू?

जुनी पेटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आईच्या माहेरची एक पत्र्याची पेटी वाटणीत माझ्याकडे आली. खरं तर कुणालाच नको होती म्हणून आली. आजीचा थोरला भाऊ, आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणतो, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात वैमानिक होते. १९४४ सालचा पावसाळा सरता सरता ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवर त्यांचं हरिकेन विमान गेलं ते परत आलं नाही. वय २२. मी त्यांना आजोबा म्हणते, पण फोटोतला मुलगा माझ्या मुलापेक्षा लहान आहे.

पेटीत एक तार आहे, 'मिसिंग' असं कळवणारी. स्क्वाड्रनच्या, म्हणजे त्यांच्या विमानतुकडीच्या, सीओंनी (प्रमुखांनी) पणजोबांना लिहिलेलं दोन पानी पत्र आहे. काही महिन्यांनंतरचं एक सरकारी पत्र आहे, त्यात 'मृत समजण्यात येत आहे' अशा अर्थाची भाषा आहे. पंखावर पाय ठेवून उभे असलेले मामाआजोबा, असा एक फोटो. आणि मनीऑर्डरीच्या पावत्या, दोऱ्यात ओवलेल्या.

घरात मात्र कागदांपेक्षा गोष्टी जास्त. आजी छातीठोक सांगायची की पॅराशूट उघडलेलं सोबतच्या वैमानिकानं पाहिलं होतं, म्हणजे जपान्यांनी धरून नेलं असणार. तिचा धाकटा भाऊ म्हणायचा, तो आझाद हिंद सेनेत गेला. पणजोबांनी शेवटपर्यंत श्राद्ध घालू दिलं नाही. ते गेल्यावर घातलं, तेही तारेवरची तारीख धरून.

मला दोनच गोष्टी कळायला हव्यात. विमान कुठे पडलं, आणि त्यांचं काय झालं. नाव आणि स्क्वाड्रन इथे उघड लिहीत नाही, घरच्यांना नकोय. कुठून सुरुवात करू?

रडारवाला

ताई, पेटी टाकून दिली नाहीत हेच निम्मं काम झालं.

एक आधीच सांगतो. तुमचे प्रश्न दोन आहेत आणि ते शेवटपर्यंत दोनच ठेवा. विमानाचं काय झालं आणि माणसाचं काय झालं, याची उत्तरं वेगवेगळ्या कागदांत असतात. एकाचं मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळालं असं धरून चालणारे फसतात.

आजच करता येण्यासारखं काम म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधणं. फुकट आहे. ब्रह्मदेशात बेपत्ता झालेल्या पायदळाच्या सैनिकांची नावं रंगूनजवळ टाउक्यानच्या स्मारकावर आहेत, म्हणून लोक तिथेच शोधतात आणि 'नाव नाही' म्हणून परत येतात. वैमानिकांची तिथे नसतात. या आघाडीवर कबर न सापडलेले हवाई दलाचे लोक सिंगापूर मेमोरियलवर, क्रांजीला कोरलेले आहेत. २४,००० हून जास्त नावं आहेत त्या भिंतींवर.

आडनावाची तीन-चार स्पेलिंगं करून बघा. कारकून इंग्रज, नाव मराठी, टंकलेखक तिसराच. नावाचं आडनाव आणि वडिलांच्या नावाचं मधलं नाव होऊन काहीही होतं. आणि एक : १९४५ च्या मार्चमध्ये 'इंडियन एअर फोर्स'च्या मागे 'रॉयल' लागलं. मृत्यू १९४४ चा असला तरी यादीत दोन्हींपैकी काहीही लिहिलेलं असू शकतं. शोधताना दलाच्या नावाची चौकट रिकामीच सोडा.

कुंपणावरचा

आझाद हिंद सेनेची शक्यता इतक्या सहज उडवू नका. सरकारनं बरंच काही दाबून ठेवलंय. नेताजींच्या विमानाचंच बघा ना, तैहोकूला

धागाराखण

कुंपणावरचा, नेताजींच्या अपघातावर आपल्याकडे आधीच चार धागे आहेत आणि त्यातले दोन कुलूपबंद आहेत. कृपया इथे नको.

कुंपणावरचा

बरं बाबा. पण मुद्दा होता.

निवृत्त नेव्हिगेटर

मुद्दा असेल तर त्याला उत्तरही आहे. आझाद हिंद सेनेत गेलेल्या माणसाचा युद्धानंतर कागद तयार व्हायचा. ब्रिटिशांनी परत आलेल्या प्रत्येकाची चौकशी केली, पांढरे, करडे, काळे अशा वर्गवाऱ्या केल्या. हवाई दलाचा एक कमिशन्ड वैमानिक तिकडे सामील झाला असता तर त्याची चर्चा झाल्याशिवाय राहिली नसती. अशक्य म्हणत नाही, पण शेवटी तपासायची शक्यता आहे ही, पहिल्यांदा नाही.

आता मूळ कामाकडे. मी हवाई दलात आयुष्य काढलं, पण या कागदांशी ओळख निवृत्तीनंतरची. लांब लिहितोय, सवडीनं वाचा.

प्रत्येक स्क्वाड्रनला एक दैनंदिनी ठेवावी लागे, ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक. तिचे दोन भाग. फॉर्म ५४० म्हणजे दिवसाचा गोषवारा : हवा कशी होती, कोण रजेवर गेलं, कोण नवीन आलं, फुटबॉलमध्ये कोण जिंकलं. फॉर्म ५४१ म्हणजे प्रत्येक उड्डाणाची नोंद : विमानाचा नंबर, वैमानिक, उड्डाणाची वेळ, उतरण्याची वेळ, काय पाहिलं. जे परत आलं नाही त्याच्या उतरण्याच्या रकान्यात वेळ नसते. ती रिकामी जागा शोधायची आहे तुम्हाला. या वह्या लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'एअर २७' या मालिकेत आहेत, भारतीय स्क्वाड्रन्सच्यासुद्धा. ऑनलाइन पानं उतरवून घेता येतात.

दोन्ही फॉर्म मागवा. पुष्कळ लोक ५४० वर समाधान मानतात, कारण ते वाचायला गोष्टीसारखं असतं. नंबर मात्र ५४१ मध्ये असतो.

हा नंबर म्हणजे विमानाच्या मागच्या भागावर रंगवलेला सिरियल, त्या काळच्या हरिकेनवर बहुतेक दोन अक्षरं आणि तीन आकडे. अंगावर मोठ्ठं रंगवलेलं एकटं अक्षर वेगळं. ते स्क्वाड्रनमधलं हाक मारायचं नाव. विमान गेलं की तेच अक्षर दुसऱ्या विमानाला मिळे. फोटोत दिसतं ते बहुधा हे अक्षर असतं आणि लोक त्यावरून विमान 'ओळखतात'. फोटोतलं विमान त्यांचं शेवटचं विमान असेल याचीही खात्री नाही, फोटोसाठी जे उभं असेल त्यावर पाय ठेवतात.

सिरियल मिळाला की त्या विमानाचं कार्ड, फॉर्म ७८. फार आशा ठेवू नका. इंग्लंडमधल्या विमानांची कार्डं भरगच्च असतात. जहाजातून भारतात आलेल्या विमानाच्या कार्डावर बंदर, 'इंडिया', आणि मग हिशेबातून वजा केल्याची तारीख, संपलं. ती वजा केल्याची तारीख अपघाताची नसते. कारकुनानं महिनाअखेरीला एकदम दहा विमानं वजा केलेली असतात.

अपघातांसाठी आणखी एक कार्ड असतं, फॉर्म ११८०. तेही बघावं, पण ते मुख्यत्वे अपघाताचं. शत्रूमुळे गेलेलं विमान त्यात सहसा नसतं. मिळालं तर अर्थ निघतो की त्यांनी ते लढाईतलं नुकसान मानलं नाही.

आणि तारेची तारीख विसरा. ती तार निघाल्याची तारीख आहे, विमान गेल्याची नव्हे.

अनुस्वार

नेव्हिगेटरकाका, 'फुटबॉलमध्ये कोण जिंकलं' वाचून हसू आलं. पण खरं आहे. एका ५४० मध्ये मी वाचलंय, वरच्या ओळीत माणूस गेला आणि खालच्या ओळीत मेससाठी बदकं आली.

जुनी पेटी

सगळ्यांचे आभार. नाव सापडलं! चौथ्या स्पेलिंगला. सिंगापूर मेमोरियलच, रडारवाला म्हणाले तसं. स्क्रीनवर नाव दिसल्यावर बराच वेळ काही सुचलं नाही.

दोन गोष्टी विचित्र वाटतात. तिथली मृत्यूची तारीख तारेच्या तीन दिवस आधीची आहे. आणि तारेत हुद्दा पायलट ऑफिसर, तिथे फ्लाइंग ऑफिसर. दुसराच कुणी माणूस तर नाही ना? आई-वडिलांची माहिती तिथे कोरी आहे.

निवृत्त नेव्हिगेटर

तेच असणार. सेवाक्रमांक जुळतो का बघा, सीओंच्या पत्रात किंवा नंतरच्या सरकारी पत्रात असेल. भारतीय अधिकाऱ्यांचा क्रमांक 'आयएनडी' नं सुरू होतो. पायलट ऑफिसरचं फ्लाइंग ऑफिसर होणं हे ठरावीक मुदतीनंतर आपोआप होई आणि राजपत्रात मागाहून छापलं जाई. माणूस बेपत्ता असतानाही बढती लागू व्हायची. भारत रक्षकच्या संकेतस्थळावर जुन्या अधिकाऱ्यांची सूची आहे, तिथेही क्रमांकावरून ताडून पाहा.

जुनी पेटी

क्रमांक जुळला.

म्हणजे आम्ही इतकी वर्षं श्राद्ध चुकीच्या तिथीला घालतोय. आईला अजून सांगितलं नाहीये.

सांगोवांगी

सांगा हो. तिथी बदलता येते.

तारखांवरून एक आठवलं. पहिल्या महायुद्धात आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर ब्रिटिशांच्या हवाई दलात होते, २३ स्क्वाड्रन, सॉपविथ डॉल्फिन विमान. २७ जून १९१८ ला गस्तीवर गेले ते बेपत्ता. फ्रान्समध्ये हँगार्डच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे आणि नोंद ३० जूनची आहे. मधले तीन दिवस बघा. विमान पडलं तेव्हा ते गेले नव्हते, जर्मनांच्या ताब्यात जखमी अवस्थेत होते. एका तारखेच्या फरकात एवढं सगळं दडलेलं असतं. ताई, म्हणून तुमच्याकडच्या तीन दिवसांकडे नीट बघा. मृत्यूची तारीख उड्डाणाच्या दिवसाची असेल तर त्यांनी सरळ बेपत्ता झाल्याचा दिवस धरलाय. नसेल तर कुणाला तरी जास्त माहिती होती.

रडारवाला

चांगला मुद्दा. पण उलट्या बाजूनंही जपा. बेपत्ता माणसासाठी 'त्या दिवशी किंवा त्यानंतर' असंच ठरवलं जाई, आणि साधारण सहा महिने काही कळलं नाही की सरकारी कामापुरतं मृत मानत. ताईंच्या पेटीतलं दुसरं पत्र म्हणजे तेच. नवीन काही सापडलं म्हणून ते आलेलं नाही. काही सापडलं नाही म्हणूनच आलंय.

भटक्या_६५

मी १९६५ च्या युद्धाचा वेडा, त्यामुळे तिकडचं उदाहरण देतो.

७ सप्टेंबर १९६५. आदमपूरहून १ स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं सरगोध्यावर हल्ला करायला गेली. स्क्वाड्रन लीडर देवय्या राखीव होते, ऐनवेळी सामील झाले आणि परत आले नाहीत. आपल्याकडे नोंद काय? बेपत्ता. त्यांचं काय झालं हे आपल्या कुणीच पाहिलं नव्हतं. वर्षानुवर्षं प्रकरण तिथेच थांबलं.

उत्तर होतं पलीकडे. पाकिस्तानचं एक एफ-१०४ स्टारफायटर त्या दिवशी पडलं होतं, त्याचा वैमानिक अमजद हुसेन उडी मारून वाचला होता. एका ब्रिटिश लेखकानं पाकिस्तानी बाजूनं लिहिलेलं पुस्तक १९७९ मध्ये आलं, त्यातून लक्षात आलं की परतीच्या वाटेवर एका मिस्टेअरनं त्या स्टारफायटरशी झुंज दिली आणि त्याला पाडलं. बाकीची सगळी मिस्टेअर परत आली होती किंवा त्यांचा हिशेब लागला होता. उरले देवय्या. त्या हल्ल्याच्या नेत्यानं, तनेजांनी, पाठपुरावा केला आणि १९८८ मध्ये मरणोत्तर महावीरचक्र दिलं गेलं. तेवीस वर्षांनी. मृतदेह तिकडच्या गावकऱ्यांनी पुरल्याचंही नंतर कळलं.

सांगायचं म्हणजे, आपला माणूस आपल्या कागदात 'दिसेनासा' होतो. समोरच्याच्या कागदात तो 'दिसू लागतो'. ताई, जपानी बाजू बघितल्याशिवाय थांबू नका.

अनुस्वार

जपानी बाजूसाठी एक बारीकशी गोष्ट, जी मला कळायला दोन वर्षं लागली.

घड्याळ. युद्धकाळात भारतातली घड्याळं एक तास पुढे केली होती, १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. जपानी सैन्य जिथे असेल तिथे टोकियोची वेळ पाळत असे, नऊ तास पुढे. एकाच घटनेच्या दोन नोंदींत अडीच तासांचा फरक पडतो. 'वेळ जुळत नाही, ही दुसरीच झटापट' म्हणून मी एक पान बाजूला टाकलं होतं, तेच नेमकं माझं होतं.

जपानच्या सरकारी अभिलेखांचा मोठा साठा फुकट ऑनलाइन आहे, आशियाई ऐतिहासिक अभिलेख केंद्राकडे. सूची इंग्रजीतून शोधता येते, आतली पानं अर्थातच जपानी आणि हस्तलिखित. एखादा जपानी शिकणारा विद्यार्थी गाठावा लागेल. आणि 'पाडल्याचे' दावे कुणाचेही खरे धरू नका. दोन्हीकडचे फुगलेले असतात, लबाडीनं कमी, धांदलीनं जास्त. तीन जण एकाच विमानावर गोळ्या झाडतात, तिघंही एकेक लिहून घेतात.

जुनी पेटी

पॅराशूटबद्दल काय? धरून नेलं असेल तर कुठे ठेवलं असेल? आजी याच आशेवर होती म्हणून विचारतेय.

निवृत्त नेव्हिगेटर

ब्रह्मदेशात पकडलेले वैमानिक बहुतेक शेवटी रंगूनच्या मध्यवर्ती तुरुंगात पोचत, पोचले तर. जपानी त्यांना युद्धकैदीसुद्धा मानत नव्हते, गुन्हेगार म्हणून वेगळं कोंडत. एप्रिल १९४५ च्या शेवटी जपानी तुरुंग सोडून निघून गेले, तेव्हा कैद्यांनीच छपरावर मोठ्या अक्षरांत रंगवलं की जपानी गेलेत, म्हणजे आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकू नयेत. सुटलेल्यांची जबानी घेतली गेली : आत कोण मेलं, कुणाला कुठे नेलं, कुणाचं नाव ऐकलं. तुमचे मामाआजोबा तिथे असते तर ते नाव कुणाच्या तरी तोंडून निघालं असतं, आणि सिंगापूरच्या भिंतीऐवजी रंगूनच्या दफनभूमीत कबर असण्याची शक्यता होती.

शिवाय युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलानं बेपत्तांना शोधायला खास पथकं काढली होती. जगभरातल्या सुमारे ४१,८०० बेपत्तांपैकी १९५० पर्यंत जवळपास २३,९०० जणांच्या कबरी निश्चित केल्या, आणखी ९,००० हून जास्त समुद्रात गेल्याचं ठरवलं. ब्रह्मदेशच्या जंगलातही ही माणसं हिंडली. उरलेले ते भिंतींवर.

सीओंच्या पत्रात पॅराशूटचा उल्लेख आहे का? नेमके शब्द काय आहेत?

जुनी पेटी

पत्र फार पुसट आहे, आणि मोडक्या घडीवर ओळी गेल्यात. वाचते नीट आणि लिहिते.

कुंपणावरचा

इतकं कागद चिवडण्यापेक्षा सरळ तिकडे जाऊन मेटल डिटेक्टर फिरवावा. युट्यूबवर करतात की लोक.

रडारवाला

कुंपणावरून उतरा राव. २०२१ पासून म्यानमारात काय चाललंय ते वाचता ना? आराकान म्हणजे आजचा राखाइन, भूसुरुंगांचा प्रदेश. आणि ते शांत असतं तरी अवशेष उकरणं हा छंद नव्हे. विमानात माणूस असेल तर ती कबर आहे. ब्रिटनमध्ये तर १९८६ च्या कायद्यानं परवान्याशिवाय लष्करी विमानाच्या अवशेषांना हात लावता येत नाही.

भटक्या_६५

अवशेष सापडले तर माणूस सापडतोच असंही नाही. २०१२ मध्ये इजिप्तच्या वाळवंटात एका तेल कंपनीच्या पोलिश कामगाराला आख्खं किटीहॉक विमान मिळालं. नंबर ईटी ५७४, २६० स्क्वाड्रन, वैमानिक डेनिस कॉपिंग, २८ जून १९४२ पासून बेपत्ता. विमान वाळूवर जवळपास सरळ बसलेलं. शेजारी पॅराशूटचं कापड, त्याची सावली करून कुणीतरी बसलं होतं हे उघड दिसत होतं. म्हणजे उतरला, जगला, वाट पाहिली आणि मग चालू लागला. सत्तर वर्षांनी विमानाचा पत्ता लागला, कॉपिंगचा नाही. नाव अजून अलामेनच्या स्मारकावरच आहे.

सांगोवांगी

तसंच लिबियातलं 'लेडी बी गुड'. अमेरिकी बी-२४ बॉम्बफेकी विमान, ४ एप्रिल १९४३ ला मोहिमेवरून परत येताना तळ ओलांडून थेट वाळवंटात आत गेलं. सगळ्यांनी गृहीत धरलं की भूमध्य समुद्रात बुडालं, आणि म्हणून वाळवंटात कुणी शोधलंच नाही. १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्यांना दिसलं, समुद्रापासून सातशेच्या आसपास किलोमीटर आत. नऊ जण होते, १९६० मध्ये आठ सापडले, त्यातले बहुतेक कितीतरी अंतर चालून गेलेले. नववा नाहीच.

चुकीचं गृहीतक एकदा कागदावर चढलं की माणसं तिकडे पाठ करून शोधतात. ताई, 'पॅराशूट पाहिलं' हे तुमच्या घरातलं गृहीतक आहे. ते कुठून आलं ते शोधा.

अनुस्वार

धातूचा विषय निघालाच आहे तर : कुणी कधी फोटो पाठवला 'हे बघा तुमचं विमान', तर एक लक्षात ठेवा. हरिकेनचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, मागच्या अंगावर कापड ताणलेलं. स्पिटफायर सगळं पत्र्याचं. इंजिन दोघांतही मर्लिन, त्यामुळे नुसत्या इंजिनावरून ठरत नाही. पत्रा गावकरी नेतात, भांडी होतात त्याची. जड पोलाद आणि इंजिन राहतं.

जुनी पेटी

चार महिन्यांनी परत आलेय. धागा वर काढल्याबद्दल माफी.

क्यूची पानं मिळाली. पत्रही भिंग लावून, फोटो काढून, उजेड तिरका पाडून वाचलं. जे निघालं ते सांगते.

५४१ वर त्या दिवशी पहिल्या ओळीत दोन हरिकेन. टेहळणी. सकाळी ६:४० ला उड्डाण. एकाच्या पुढे उतरण्याची वेळ ८:०५, दुसऱ्यापुढे काही नाही. नेव्हिगेटरकाका, तुम्ही 'रिकामी जागा' म्हणाला होतात, ती बघितली. नाव चुकीचं टंकलेलं आहे, पाचवं स्पेलिंग.

आम्ही समजत होतो की मामाआजोबा जोडीतले नेते होते. नव्हते. ते दुसरे होते, 'वीव्हर' लिहिलंय. म्हणजे काय हे इथेच जुन्या एका धाग्यात वाचलं : पुढचा खाली बघतो, मागचा डावी-उजवीकडे झुलत त्याची पाठ राखतो. आमच्याकडे फोटोतली ऐट बघून सगळ्यांनी नेता करून टाकला होता.

शेऱ्याच्या रकान्यात परत आलेल्याचं म्हणणं आहे, तीन ओळी. ढग खाली आलेले. नदीकाठी होड्या दिसल्या म्हणून तो खाली गेला. वर आला तेव्हा मागे कुणी नव्हतं. रेडिओवर हाका मारल्या, उत्तर नाही. गोळीबार झाल्याचा उल्लेख नाही. शत्रूच्या विमानाचा नाही. पॅराशूटचा नाही. दुपारी दोन विमानं शोधायला गेली, ढगांमुळे परत आली. दुसऱ्या दिवशी परत गेली. ५४० मध्ये त्या दिवशी त्यांच्याबद्दल दीड ओळ आहे, आणि हो, खाली हॉकीचा निकाल आहे.

आता पत्र. सीओंनी लिहिलंय की तुमच्या मुलानं पॅराशूटनं उडी घेतली असण्याची शक्यता आहे, या जंगलातून आमचे काही जण चालत परत आलेले आहेत, आशा सोडू नका. एवढंच. 'असण्याची शक्यता आहे'. पणजोबांना इंग्रजी जेमतेम. पत्र शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवलं होतं असं आई सांगते. तिथून आजीपर्यंत येता येता पॅराशूट उघडलं, कुणीतरी पाहिलं, आणि जपानी आले.

मास्तरांना दोष नाही. मीही तसंच वाचून दाखवलं असतं.

सांगोवांगी

वाचून गप्प झालो. दोन विमानं दुसऱ्या दिवशीही परत गेली, हे सांगा घरी.

निवृत्त नेव्हिगेटर

उत्तम काम केलंत. आता थोडं रुक्ष बोलतो. गोळीबार नाही, शत्रूचं विमान नाही, खाली येणारा ढग, डोंगर, आणि दुसऱ्याची पाठ राखण्यात गुंतलेला वैमानिक. मला काय वाटतं ते तुम्हालाही वाटलं असेल. मायू डोंगररांग नदीला समांतर जाते, ढगात शिरून वळलं की ती कुठल्या बाजूला आहे हे कळायला एक क्षण उशीर पुरतो. पण नदीकाठी जपानी होते, आणि होड्या जिथे असतात तिथे मशीनगनही असते. नेता खाली असताना मागच्याला काय लागलं ते त्याला दिसलं नसेल. दोन्ही उरतात.

नेत्यानं जागा दिली आहे का? शेऱ्यात अक्षरं आणि आकडे असतील, नकाशाचा संदर्भ.

जुनी पेटी

आहे. दोन अक्षरं आणि चार आकडे. पण कार्बन प्रत आहे, अक्षरं फुगलेली. दुसरा आकडा ३ आहे की ८ ते समजत नाही.

अनुस्वार

अरे देवा, नेमका दुसरा.

तो ग्रिड, म्हणजे नकाशावरची चौकोनांची जाळी, यार्डांचा होता. चार आकड्यांतले पहिले दोन पूर्वेकडच्या अंतराचे, दुसरा आकडा एकेक हजार यार्डांचा. ३ आणि ८ मध्ये ५,००० यार्डांचा फरक, म्हणजे साडेचार किलोमीटर. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशा-क्रमांकांत हा भाग ८४ मध्ये येतो. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं लष्करी नकाशे ऑनलाइन ठेवलेत, त्यावर मी ताईंनी व्यक्तिगत निरोपात पाठवलेली अक्षरं लावून बघितली. ३ असेल तर डोंगराचा माथा. ८ असेल तर नदीकाठचं सपाट शेत.

निवृत्त नेव्हिगेटर

म्हणजे सगळं त्या एका आकड्यावर आलं. ताई, त्याच पानावर टंकयंत्रानं दुसरीकडे ३ आणि ८ नक्की उमटले असतील, वेळांच्या रकान्यात. ८:०५ मधला ८ घ्या. दोन्ही मोठे करून शेजारी ठेवा. ८ ची डावी बाजू बंद असते, कार्बन कितीही फुगला तरी तिथे शाई जास्त दिसते.

जुनी पेटी

८:०५ चा ८ शेजारी ठेवला. खालचा गोल बंद वाटतोय, वरचा उघडा. आता रात्री दिव्याखाली डोळे फसवतायत. क्यूला मूळ पानाचा मोठा फोटो मागवलाय, आणि उद्या उजाडलं की आईलाही दाखवते. तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत, अजून सुई ओवते.